निर्यात आणि महानगरी रोजगार : नागपूर

शहराबाहेरच्या गिऱ्हाइकाला माल किंवा सेवा विकून शहरात पैसा येतो आणि त्या पैशावर आतली कामे उभी राहतात. नागरी अर्थशास्त्रात ‘निर्यात’ या शब्दाचा अर्थ सीमाशुल्क खात्याच्या अर्थाहून रुंद आहे. नागपूरची संत्रा बर्फी रायपूरला विकली गेली, तरी शहराच्या हिशेबात ती निर्यातच. बाहेरून पैसा आणणारे उद्योग ‘पायाभूत’, आणि त्या पैशावर चालणारी किराणा दुकाने, शिकवण्या, दवाखाने, ऑटोरिक्षा ही ‘पूरक’ कामे, अशी विभागणी केली जाते.

प्रदेशाची वाढ निर्यातीच्या पायावर होते, हे अर्थतज्ज्ञ डग्लस नॉर्थ यांनी १९५५ मध्ये मांडले. पुढच्याच वर्षी चार्ल्स टीबाउट यांनी हरकत घेतली : प्रदेश जितका मोठा, तितके त्याचे आपापसातले व्यवहार अधिक, म्हणून सगळे श्रेय निर्यातीला देता येत नाही. एन्रिको मोरेत्ती यांच्या २०१० च्या अभ्यासानुसार अमेरिकी शहरांत कारखान्यातील एका नव्या नोकरीमागे स्थानिक सेवांत सुमारे १.६ नोकऱ्या निर्माण होतात. हा आकडा, म्हणजेच ‘गुणक’, जसाच्या तसा नागपूरला लावणे धाडसाचे होईल.

नागपूरच्या निर्यातीचे रूप समुद्राने, खरे तर त्याच्या दूर असण्याने, ठरवले आहे. देशाचा मध्य मानला जाणारा झिरो माइलचा खांब नागपूरकरांच्या अभिमानाचा विषय आहे. निर्यातदाराला मात्र तो भाड्याची आठवण करून देतो. न्हावा शेवा बंदर आठशे किलोमीटरहून लांब. १८६७ मध्ये रेल्वे आली तेव्हा हे अंतर प्रथम आवाक्यात आले आणि वऱ्हाड-नागपूरचा कापूस मुंबईमार्गे विलायतेला जाऊ लागला. विसाव्या शतकाच्या आरंभापासून नागपूर, भंडारा, बालाघाट पट्ट्यातले मँगनीजही बंदराकडे निघाले. धातुक खणण्याची मजुरी इथे, पोलाद गाळण्याची कमाई परदेशात, असा तो व्यवहार होता.

जड मालाला आजही कंटेनरचाच आधार आहे. बुटीबोरी औद्योगिक वसाहतीतल्या पॉलिएस्टरसारख्या मालाची सीमाशुल्क तपासणी शहरातल्या अजनीच्या कंटेनर डेपोतच उरकता येते. मग सीलबंद डबा रेल्वेने बंदर गाठतो. या एका डब्यामागे सीमाशुल्क दलाल, फोर्कलिफ्ट चालक, हमाल, ट्रेलरवाले, विमा आणि बँकेतले कारकून असतात. आयात कमी असली की रिकामे डबे बंदरावरून मागवावे लागतात आणि तो खर्चही मालावरच बसतो. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाल्याने रस्त्याचा पर्याय सुधारला, अंतर मात्र तेवढेच राहिले.

म्हणूनच वजनाच्या मानाने किंमत जास्त असलेला माल इथे टिकतो. विमानतळाजवळच्या मिहान या उद्योग क्षेत्रात बोइंग ७८७ विमानाच्या फरशीखालच्या, संमिश्र पदार्थाच्या (कॉम्पोझिट) तुळया बनवण्यात आल्या. फाल्कन विमानांचे भाग आणि ल्युपिनची औषधेही तेथे बनतात. सोलर इंडस्ट्रीजची स्फोटके अनेक देशांत जातात. सॉफ्टवेअरला तर कंटेनरच लागत नाही. शिवाय विमानभागाच्या किमतीतला मोठा वाटा आयात कच्च्या मालाचा आणि यंत्रांचा असतो, तर सॉफ्टवेअरच्या बिलातला मोठा वाटा पगाराचा. म्हणून निर्यातीचा नुसता आकडा पाहून रोजगार मोजणे फसवे ठरते. पगार बेसा-मनीषनगरच्या घरभाड्यात, खानावळीत, शाळेच्या फीमध्ये फिरतो. यंत्राचा हप्ता बाहेर निघून जातो.

संत्र्याची गोष्ट याहून वेगळी. २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले हे फळ सैल सालीचे, नाजूक, बियांचे. दूरच्या समुद्रप्रवासाला फारसे न मानवणारे. त्यामुळे त्याचे मुख्य परदेशी गिऱ्हाईक ट्रकने गाठता येणारा बांगलादेश. त्या देशाने २०१९ नंतर आयात शुल्क वाढवत नेले तेव्हा फळ देशी बाजारात साचले, भाव पडले, आणि तोडणी, प्रतवारी, पेटीभरणीची कामे आटली. ती बहुतेक रोजंदारीची, हंगामी कामे. नोकरकपातीच्या कोणत्याही यादीत ती दिसत नाहीत. प्रक्रिया उद्योग अपुरा असल्याने नाकारलेल्या फळाला दुसरी वाटही थोडीच. भंडारा-गोंदियाच्या भातगिरण्यांना असाच धक्का दिल्लीतून बसला : ऑगस्ट २०२३ मध्ये उकड्या तांदळाच्या निर्यातीवर २० टक्के शुल्क लागले, ते ऑक्टोबर २०२४ मध्ये पूर्ण उठले.

पायाभूत उद्योग गेला की गुणक उलटा चालतो. १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झालेली जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल कापसाच्या शिवारातच सूत काढून बाहेर विकत होती. ती २००२ मध्ये बंद झाली. तिच्या जागेवर आज मॉल आहे, आणि तिथे बहुतेक बाहेरून आलेला माल नागपूरकरांना विकला जातो.