लवकर आलेली जुळी

एकाच गर्भाशयात वाढलेली, काही मिनिटांच्या अंतराने जन्मलेली दोन बाळं. तिसऱ्या दिवशी त्यांतलं एक आपलं आपण श्वास घेत असतं आणि दुसऱ्याच्या नाकात अजून नळी असते. एकाला दिलेलं दूध पचतं, दुसऱ्याचं पोट फुगतं. एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, दोन काचेच्या पेट्यांच्या मधोमध उभे असलेले आईवडील डॉक्टरांना हमखास विचारतात: दोघांचे दिवस सारखेच, मग हिचं बरं चाललंय आणि त्याचं का नाही?

प्रश्न रास्त आहे. ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेलं बाळ अपुऱ्या दिवसांचं मानलं जातं. जगात दर दहा बाळांत साधारण एक असं असतं. जुळ्यांमध्ये मात्र निम्म्याहून जास्त. दोन बाळांमुळे गर्भाशय लवकर ताणलं जातं आणि त्या ताणानेच कळा सुरू होऊ शकतात. कधी आईचा रक्तदाब वाढतो, कधी एका बाळाची वाढ मंदावते आणि डॉक्टरच प्रसूती लवकर करायचं ठरवतात. पोटात असतानाही दोघांची परिस्थिती सारखी नसते. दोघांत वार (प्लॅसेंटा) एकच असेल तर रक्ताची वाटणी असमान होऊ शकते. प्रत्येकाची वार वेगळी असेल तर एकीकडून पोषण कमी पोचू शकतं. श्वासाच्या बाबतीत मुलगे मुलींच्या थोडे मागे असतात. दुसऱ्या क्रमांकाने बाहेर येणाऱ्या बाळाला श्वासाचा त्रास होण्याचा धोकाही काहीसा जास्त असतो. यातलं काहीही आईच्या कामामुळे, चालण्याफिरण्यामुळे किंवा तिने एखादा जिना चढल्यामुळे झालेलं नसतं. हे तिला कुणीतरी स्पष्ट शब्दांत सांगायला हवं, आणि एकदाच नव्हे. जुळ्यांच्या आईवडिलांना पहिल्या दिवसापासून दोन वेगळी बाळं ओळखायला शिकावं लागतं. मला वाटतं, एनआयसीयूतल्या उपचारांत आईवडिलांचा सर्वांत मोलाचा वाटा इथूनच सुरू होतो.

आधी श्वासाचं पाहू, कारण बहुतेक काळजी तिथेच एकवटलेली असते. फुप्फुसांतल्या लाखो वायुकोशांच्या आत पाण्याचा पातळ थर असतो. पाण्याचा पृष्ठताण त्या कोशांना आत ओढतो, आणि श्वास सोडला की ओल्या प्लॅस्टिकच्या पिशवीच्या बाजू एकमेकींना चिकटाव्यात तसे ते मिटू पाहतात. ते मिटू नयेत म्हणून फुप्फुसांतल्या विशिष्ट पेशी स्निग्ध पदार्थ आणि प्रथिनं यांचं एक मिश्रण तयार करतात. त्याला सरफॅक्टंट म्हणतात. ते साधारण २४ व्या आठवड्यापासून बनू लागतं आणि पुरेसं व्हायला ३४-३५ आठवडे उजाडतात. त्याआधी आलेल्या बाळाला प्रत्येक श्वास पहिल्या श्वासाइतक्या कष्टाने घ्यावा लागतो. फासळ्यांमधली त्वचा आत ओढली जाते, नाकपुड्या फुलतात, कण्हल्यासारखा आवाज येतो.

हे कोडं सुटून फार काळ झालेला नाही. या बाळांच्या फुप्फुसांत सरफॅक्टंटची कमतरता असते, हे मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९ मध्ये दाखवलं. त्यानंतर चारच वर्षांनी, ऑगस्ट १९६३ मध्ये, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला. त्याचं वजन दोन किलोच्या वर होतं, तरी तो ३९ तासच जगला. देशातले उत्तमोत्तम डॉक्टर हाताशी होते. उपाय मात्र नव्हता. १९७२ मध्ये न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी यांनी दाखवून दिलं, की लवकर प्रसूतीची शक्यता असलेल्या आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं दिली तर बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात. १९८० मध्ये जपानच्या फुजिवारा यांनी गायीच्या फुप्फुसापासून बनवलेलं सरफॅक्टंट दहा बाळांच्या श्वासनलिकेत सोडलं, आणि बाळं सुधारली. आज पॅट्रिकएवढ्या बाळाला वाचवणं हे सुसज्ज एनआयसीयूतलं नेहमीचं काम आहे. आपल्या बाळाच्या नाकाशी लावलेल्या नळीमागे हा इतिहास आहे, हे कळलं की ती नळी थोडी कमी परकी वाटते, असा माझा विश्वास आहे.

फुप्फुसं सावरली तरी श्वासाचा ताल बसायचा असतो. मेंदूतलं श्वासाचं नियंत्रण केंद्र अजून कच्चं असल्यामुळे बाळ श्वास घ्यायचंच थांबतं. २० सेकंदांपेक्षा जास्त खंड पडला, किंवा त्याहून कमी वेळाच्या खंडात हृदयाचे ठोके मंदावले वा ऑक्सिजन उतरला, तर त्याला ॲप्निया म्हणतात. मॉनिटर वाजतो, नर्स येते, तळपाय किंवा पाठ हलकेच चोळते आणि बाळ पुन्हा श्वास घेतं. यावर दिलं जाणारं औषध म्हणजे कॅफीन. कॉफीत असतं तेच. बहुतेक बाळांत हा प्रकार ३६-३७ आठवड्यांच्या सुमारास ओसरतो, फार लवकर जन्मलेल्यांत आणखी उशिरा.

दोन बाळं म्हणजे दोन मॉनिटर. मान सतत इकडून तिकडे वळत राहते आणि नजर आकड्यांना खिळते. पण पायाला लावलेला सेन्सर बाळाने पाय झाडला तरी गडबडतो आणि खोटा अलार्म वाजतो. म्हणून आधी बाळाकडे पाहायचं: ओठांचा रंग कसा आहे, छाती हलते आहे का, अंग सैल पडलं आहे का. ‘मला हे पाहायला शिकवा,’ असं नर्सला सांगायला मुळीच संकोच करू नये. पुढे घरी मॉनिटर नसणार. तेव्हा हीच नजर उपयोगी पडते.

ऑक्सिजन जितका जास्त तितका चांगला, हा समज १९४० आणि १९५० च्या दशकांत हजारो बाळांच्या डोळ्यांना भोवला. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या दृष्टिपटलातल्या रक्तवाहिन्या अजून वाढत असतात, आणि जादा ऑक्सिजनमुळे ती वाढ बिघडते. कमी ऑक्सिजन तर जिवावरच बेतू शकतो. म्हणून ऑक्सिजनवरच्या बाळाचं सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, बहुधा ९० ते ९५ टक्क्यांच्या पट्ट्यात ठेवतात; ते १०० का नाही, म्हणून घाबरू नये. डोळ्यांची पहिली तपासणी साधारण चौथ्या आठवड्यात होते आणि ती घरी गेल्यावरही चालू राहते. तिची एकही तारीख चुकवू नये, कारण उपचाराची वेळ हातची जायला थोडेच दिवस पुरतात.

आता ज्या उपचाराला यंत्र लागत नाही त्याबद्दल. १९७८ मध्ये कोलंबियाच्या बोगोटा शहरातल्या एका प्रसूतिगृहात इन्क्युबेटर अपुरे पडत होते. एडगर रे या डॉक्टरांनी लहान बाळांना उघडं करून आईच्या उघड्या छातीवर उभं बांधायला सुरुवात केली. गरजेपोटी सुरू झालेली ही पद्धत, कांगारू मदर केअर, पुढे कसोटीला उतरली. भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया या पाच देशांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एक किलो ते १.८ किलोच्या आतल्या बाळांना प्रकृती स्थिरावण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच छातीशी धरलं गेलं. अतिदक्षता विभागात ती बाळं दिवसाचे सुमारे १७ तास अशी राहिली. तुलनेच्या गटातली बाळं दीड तासाच्या आसपास. पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू २५ टक्क्यांनी कमी झाले. फायदा इतका स्पष्ट होता की चाचणी ठरल्या वेळेआधीच थांबवली गेली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये दिवसाचे ८ ते २४ तास ही काळजी द्यावी, अशी शिफारस केली.

छातीवर बाळाचं तापमान टिकतं, श्वास आणि ठोके स्थिरावतात, रुग्णालयातल्या हट्टी जंतूंऐवजी आईच्या त्वचेवरचे जंतू त्याच्या अंगावर वस्तीला येतात. जुळ्यांना दोघांना मिळून एका छातीवर घेता येतं, किंवा एक आईकडे आणि एक बाबांकडे. बाबांची छाती कमी ऊबदार नसते. बाळाला पेटीतून काढून नळ्यांसकट ठेवण्यातच त्याची बरीच शक्ती खर्च होते, म्हणून एकदा बसलं की निदान तासभर तरी बसावं. आणि आज एकाला जास्त वेळ घेतलं, उद्या दुसऱ्याला, याचा हिशेब मांडून स्वतःला छळू नये. ज्याला ज्या दिवशी गरज जास्त, त्याला जास्त.

दुधाचंही असंच. अपुऱ्या दिवसांत बाळंत झालेल्या आईच्या दुधात सुरुवातीला प्रथिनं आणि रोगप्रतिकारक घटक जास्त असतात. आतड्याला सूज येऊन त्याचा भाग मरायला लागतो, असा एक भयंकर आजार या बाळांना होतो. आईच्या दुधाने त्याचा धोका कमी होतो. म्हणून चिकाचे दोन थेंबही वाया घालवत नाहीत, ते गालाच्या आतल्या बाजूला लावतात. चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ साधारण ३४ व्या आठवड्याच्या सुमारास बसू लागतो. तोवर दूध नळीने पोटात जातं आणि आईला ते काढून द्यावं लागतं: जन्मानंतर पहिल्या काही तासांतच सुरुवात, चोवीस तासांत आठ किंवा जास्त वेळा, त्यात रात्रीचीही एक वेळ. दोघांसाठी हे करताना ती अक्षरशः पिळून निघते. या काळात तिला दुसरं कोणतंही काम सांगू नये. दूध पुरं पडलं नाही तर दुधपेढीचं दूध किंवा डॉक्टर सुचवतील ते पर्याय आहेत, आणि ते वापरणं म्हणजे आईची हार नव्हे.

वजनाच्या काट्याने मात्र फार घाबरून जाऊ नये. पहिल्या दिवसांत वजन उतरतंच आणि जन्माच्या वजनावर परत यायला दोन आठवडे लागू शकतात. त्यानंतर किलोमागे रोज १५ ते २० ग्रॅम वाढ झाली की ठीक. दीड किलोच्या बाळाला म्हणजे २२ ते ३० ग्रॅम. एका दिवसाचा आकडा काहीच सांगत नाही, आठवड्याचा कल सांगतो.

घरी कधी सोडणार, हे वजनापेक्षा काही क्षमतांवर ठरतं. पेटीबाहेर साध्या कपड्यांत अंग गरम राहायला हवं, सगळं दूध तोंडाने जायला हवं, वजन वाढत असायला हवं आणि सलग काही दिवस, बहुतेक ठिकाणी पाच ते आठ, ॲप्निया झालेला नसावा. दोघं एकाच दिवशी या टप्प्यावर येतील असं नाही. एक घरी आणि एक रुग्णालयात, हा जुळ्यांच्या आईवडिलांचा सर्वांत अवघड काळ. तयार झालेल्या बाळाला भावंडासाठी थांबवून ठेवणं मला योग्य वाटत नाही; रुग्णालयात संसर्गाचा धोका असतो आणि घरात त्याची वाढ थांबत नाही. पण तेव्हा मदत मागावीच लागते: घरच्या बाळापाशी एक माणूस, दवाखान्यातल्या बाळाजवळ एक, आणि दुधाची ने-आण करणारं तिसरं कुणी. मागे राहिलेल्या बाळाकडे आपलं दुर्लक्ष होतंय, ही टोचणी जवळजवळ प्रत्येकाला असते. याच काळात आईला, आणि बाबांनाही, नैराश्य येण्याचा धोका जास्त असतो. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप उडाली, कशातच मन लागेना, बाळाजवळ जावंसं वाटेना, तर त्यावर उपचार आहेत आणि ते लवकर घ्यावेत.

घरी आल्यावर पहिला धक्का शांततेचा बसतो; काहीच वाजत नाही. वॉर्डात मॉनिटर लावलेलं असल्यामुळे बाळाला कधी पालथं झोपवलेलं पाहिलं असेल. घरी मात्र उताणंच, कडक सपाट गादीवर, उशी-गोधडीशिवाय, आणि जुळी असली तरी दोघांना वेगवेगळं. झोपेतल्या अचानक मृत्यूचा धोका अपुऱ्या दिवसांच्या बाळांना जास्त असतो, आणि घरातल्या तंबाखूच्या धुराने तो आणखी वाढतो. लोह बाळात मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत साठतं, ते या दोघांना मिळालेलं नसतं. म्हणून लोहाचे आणि ड जीवनसत्त्वाचे थेंब दिले जातात. अर्धवट झोपेत एकालाच दोनदा औषध पाजलं जाऊ शकतं, तेव्हा कुणी किती प्यायलं, कुणाला काय दिलं, हे दोन वेगळ्या पानांवर लिहावं. सर्दी-खोकला झालेल्याने कितीही जवळचा असला तरी बाळांना घेऊ नये.

लसी जन्मतारखेप्रमाणेच द्यायच्या; हिपॅटायटिस बीच्या लसीसारख्या, वजनावर अवलंबून असलेल्या एखाद्या डोसाबद्दल डॉक्टर सांगतील. विकास मात्र दुरुस्त वयाने मोजायचा. ३० व्या आठवड्यात जन्मलेलं बाळ सहा महिन्यांचं झालं की ४० आठवड्यांना कमी पडलेले दहा आठवडे वजा करायचे. विकासाच्या हिशेबात ते जेमतेम पावणेचार महिन्यांचं. दोन वर्षांपर्यंत असंच मोजतात. दुरुस्त वयही दोघांचं एकच येतं, तरी एक आधी बसेल, दुसरं आधी बोलेल. ज्याची तुलना करायची ती त्या बाळाच्या मागच्या महिन्याशी करावी, शेजारच्या पाळण्याशी नको. श्रवणाची तपासणी आणि पाठपुराव्याच्या भेटी दोघांच्याही व्हाव्यात, एकाचं चांगलं चाललं असलं तरी.

श्वास थांबतोय, ओठ निळसर झालेत, छाती आत ओढली जातेय, अंग गार किंवा तापलेलं आहे, दूध ओढेनासं झालंय, हिरवी उलटी झाली, उठवूनही बाळ सुस्त आहे: यांतलं काहीही दिसलं तर सकाळ व्हायची वाट पाहायची नाही. आणि दुसऱ्याला कुणाकडे ठेवू, या विचारात थांबायचंही नाही. कुणी नसेल तर दोघांना उचलून निघायचं.