पोर्ट रेनफ्र्यूच्या जंगलातली ॲन्सन: सराव उड्डाणांतल्या मृत्यूंची पार्श्वभूमी

३० ऑक्टोबर १९४२ रोजी कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या पॅट्रिशिया बे तळावरून ॲव्रो ॲन्सन जातीचं एक विमान सरावासाठी उडालं, ते परतलंच नाही. विमानात चौघे होते. तिघे ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्सचे आणि एक कॅनेडियन. त्यांचा पत्ता लागायला २०१३ साल उजाडलं. व्हँकुव्हर बेटावर पोर्ट रेनफ्र्यूजवळच्या दाट जंगलात लाकूडतोड्यांना विमानाचे अवशेष दिसले. पुढच्या वर्षी व्हिक्टोरियात लष्करी इतमामात चौघांचे अंत्यसंस्कार झाले.

युद्ध पेटलं होतं युरोपात, मग ही ब्रिटिश पोरं पॅसिफिकच्या काठावर काय करत होती? ब्रिटनचं आकाश शत्रूच्या टप्प्यात होतं; नवशिक्यांनी तिथे शिकायचं तरी कुठे? म्हणून १७ डिसेंबर १९३९ रोजी ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांनी ओटावात करार केला आणि कॅनडाभर हवाई प्रशिक्षण शाळा उभ्या राहिल्या. ब्रिटनने स्वतःच्याही काही शाळा तिकडे हलवल्या. पॅट्रिशिया बेचं ३२ क्रमांकाचं ऑपरेशनल ट्रेनिंग युनिट त्यांपैकीच एक. मुळात उडायला शिकून आलेल्यांना तिथे प्रत्यक्ष लढाईसाठी तयार केलं जाई.

ॲन्सन हे दोन इंजिनांचं, तसं भरवशाचं विमान. पण सुरुवातीच्या ॲन्सनची चाकं आत घ्यायची तर वैमानिकाच्या आसनाशेजारचा दांडा हाताने सुमारे दीडशे वेळा फिरवावा लागे! रडार नाही, उपग्रह तर दूरच. होकायंत्र, घड्याळ, वेग आणि वाऱ्याचा अंदाज यांवरून नकाशावर पेन्सिलीने रेघ ओढायची आणि आपण कुठे आहोत ते ठरवायचं. वाऱ्याचा अंदाज चुकला की रेघही चुकायची. खाली जमीन दिसत असेल तर चूक वेळीच कळे. पण व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिम बाजूला समुद्रावरून ढग येतात आणि किनाऱ्यालगत लगेच डोंगर सुरू होतात. ढगात शिरलेल्या नवख्या दिशादर्शकाची रेघ थोडी जरी सरकली, तरी समोर डोंगर येऊ शकत होता.

१९३९ च्या करारातून उभ्या राहिलेल्या या प्रशिक्षण योजनेतून १,३१,५५३ वैमानिक, दिशादर्शक, बिनतारी संदेशक आणि तोफची तयार झाले. युद्धाच्या इतिहासात हा आकडा अभिमानाने सांगितला जातो आणि तो रास्तही आहे. शिकता शिकता गेलेल्या ८५६ जणांचा आकडा मात्र क्वचितच त्याच्या शेजारी येतो, हे मला खटकतं. त्यांना शत्रूचं विमान कधी दिसलंही नसेल, पण युद्धाच्या घाईनेच त्यांना त्या आकाशात नेलं होतं.

अशा अनेकांचे मृतदेह कधीच हाती लागले नाहीत. कॅनडा, कॅरिबियन बेटं आणि अमेरिकेत प्रशिक्षण घेताना किंवा सेवेत असताना मरण पावलेल्या, पण कबर नसलेल्या सुमारे ८०० हवाई सैनिकांची नावं ओटावातल्या स्मारकावर आहेत. राणी एलिझाबेथ यांनी १९५९ मध्ये त्याचं अनावरण केलं.