गेम थिअरी म्हणजे समोरच्याला हरवायची विद्या नव्हे

अर्थशास्त्रात एम.ए. करताना गेम थिअरी, म्हणजे एकाच्या निर्णयाचा परिणाम दुसऱ्यावर होतो तेव्हा कोण काय ठरवतं याचा अभ्यास, घेतली की आपल्याकडं एकच समजूत कानावर येते: एकाचा फायदा तो दुसऱ्याचा तोटा, आणि समोरच्याला चीत करायचे डावपेच म्हणजे हा विषय. तसं नाही. जॉन फॉन नॉयमन यांचं १९२८ चं प्रमेय दोघांच्या अशाच खेळाचं होतं, हे खरं. पण जॉन नॅश यांनी १९५० मध्ये मांडलेल्या समतोलाला, म्हणजे एकट्यानं आपला निर्णय बदलून कुणाचाच फायदा होत नाही अशा स्थितीला, एकाच्या फायद्यात दुसऱ्याचा तोटा हवाच ही अट नाही.

लातूर-बीडकडचे बोअर बघा. शेजाऱ्यानं खोल घेतला की आपलं पाणी तुटतं, म्हणून आपणही खोल जातो. ज्याचा-त्याचा निर्णय आपल्या जागी बरोबर. तरी पातळी सगळ्यांचीच खाली आणि कर्जही सगळ्यांच्याच डोक्यावर. इथं जिंकलं कोण? एकट्यानं थांबून कुणाचाच फायदा नाही, एवढाच इथं नॅश समतोलाचा अर्थ. तो सर्वांच्या भल्याचा असतो, हाही गैरसमजच.

मला तर यातून सुटायचा अभ्यासच या विषयाचा गाभा वाटतो. २००९ च्या नोबेल मानकरी एलिनॉर ऑस्ट्रॉम यांची पीएच.डी. कॅलिफोर्नियातल्या भूजलावरच होती. वापरणाऱ्यांनीच ठरवलेले आणि पाळलेले नियम टिकू शकतात, हे त्यांनी पुढं दाखवलं.