दहा घरांवर एक पोलीस लागत नाही, दहा घरंच पुरतात
सप्टेंबर १९४० मधे जपानच्या गृहखात्याने हुकूम काढला आणि देशभर साधारण दहा-दहा घरांचे गट पाडले, नाव तोनारिगुमी. रेशन, युद्धकर्जाचे रोखे, बॉम्ब पडला तर बादल्यांची साखळी, सगळं ह्या गटातूनच, त्यामुळे गटाबाहेर राहतो म्हटलं तर खायचं काय हाच प्रश्न. सरकारी सूचनांची एक पाटी घरोघरी फिरायची, वाचली की शिक्का मारायचा आणि शेजारी द्यायची, म्हणजे कोणाकडे अडकलीये ते अख्ख्या गल्लीला कळणार.

यात पोलीस फारसे लागतच नाहीत आणि मला हीच सगळ्यात भयंकर गोष्ट वाटते. कोणी तांदूळ लपवलाय, कोण सरकारला शिव्या घालतंय हे शोधायला सरकारला माणसं आणि पैसा लागतो, शेजारणीला ते फुकटात माहीत असतं. जर्मनीतही तेच, इतिहासकार रॉबर्ट गेलटली यांनी वुर्झबर्गमधल्या गेस्टापोच्या, म्हणजे हिटलरच्या गुप्त पोलिसांच्या फायली तपासल्या तर कितीतरी केसेस साध्या लोकांच्या चुगल्यांवरून सुरू झालेल्या, आणि बऱ्याचदा कारण घरगुती भांडण.

सामूहिक जबाबदारी आली की हे अजून घट्ट होतं. जपान्यांनी तैवानमधे १८९८ पासून दहा घरांचा एक गट, असे दहा गट मिळून वरचा एक, अशी रचना लावली होती, एकाने गुन्हा केला तर बाकीच्यांनाही दंड. मग शेजाऱ्याला गप्प बसणं परवडतच नाही.

पण आकडा दहाच का? आपल्या पुण्याचंच बघा ना. २२ जून १८९७ ला गणेशखिंड रोडवर रँडवर गोळी झाडली गेली, इंग्रजांनी शहरावर जादा पोलीस बसवले आणि खर्च पुणेकरांच्याच माथी मारला. त्या दंडाने काही कोणी बोललं नाही, दामोदर चापेकर सापडले ते द्रविड बंधूंनी बक्षिसासाठी माहिती दिली म्हणून, आणि १८९९ मधे त्या दोघांचाही खून झाला. लाखभर वस्तीच्या गावावर दंड लावला की तो सगळ्यांचा होतो, म्हणजे कोणाचाच होत नाही. मॅन्कर ओल्सन या अर्थशास्त्रज्ञाने १९६५ मधे हेच मांडलं, गट छोटा असला की प्रत्येकाचं वागणं दिसतं आणि दबाव लागू पडतो, मोठा झाला की कोणीही अंग काढून घेतो.

आता वाटेल मग छोटा गट वाईटच. तसं नाही, आपल्याकडच्या वस्त्यांमधले बचत गट ह्याच तत्त्वावर चालतात, एकमेकींना ओळखणाऱ्या दहा-वीस बायका, एकीने हप्ता थकवला की बाकीच्या तिच्या दारात. फरक एवढाच की गट आपण निवडतो आणि नाही पटलं तर सोडता येतो, रेशन बंद होत नाही. तरी तिथेही दबाव जड जातोच, बांगलादेशच्या ग्रामीण बँकेने २००० नंतर नियम बदलले आणि एकीच्या थकबाकीसाठी दुसरीला धरणं बंद केलं.