रंगनिर्मिती (चित्रकला व मुद्रण)

चित्रासाठी किंवा छपाईसाठी हवी ती छटा तयार करण्याची रीत. चित्रकार ती खलात घोटतो. आधुनिक छपाईत ती बारीक ठिपक्यांतून पाहणाऱ्याच्या डोळ्यात जुळून येते.

अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत तांबड्यासाठी गेरू, पिवळ्यासाठी पिवडी, हिरव्यासाठी हिरवी माती आणि काळ्यासाठी काजळी वापरली आहे. ही द्रव्ये वाटून, चिकट माध्यमात कालवून वाळलेल्या गिलाव्यावर लावत. निळा रंग मात्र सहज मिळण्यातला नव्हता. त्यासाठी राजावर्त हा दगड लागे, आणि त्याच्या प्राचीन खाणी अफगाणिस्तानातील बदख्शान भागात आहेत. हा दगड नुसता कुटला तर भुकटी राखाडी निघते, कारण त्यात पांढरी व इतर खनिजे मिसळलेली असतात. निळे कण निगुतीने वेगळे काढावे लागतात. ते अति बारीक वाटले तर रंग फिका पडतो, म्हणून कुठे थांबायचे हे हातालाच कळावे लागते. एकोणिसाव्या शतकात हे निळे द्रव्य कारखान्यात बनू लागले आणि पुढे कपड्यांना घालायची नीळ म्हणून घरोघरी पोचले.

राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला. तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला हलवण्यात आला. तिथल्या शिळाछापात प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागे. कोणत्या दगडावर चित्राचा कोणता भाग घ्यायचा, हे कारागीर नजरेने ठरवत. या कारागिरांचे श्रेय फारसे कोणी नोंदवलेले नाही, हे खटकते.

ऑफसेट छपाईत, म्हणजे धातूच्या पत्र्यावरची (प्लेटवरची) शाई रबरावर आणि तिथून कागदावर उतरवणाऱ्या आजच्या छपाईत, हे काम सायन (हिरवट निळी), मॅजेंटा (जांभळट गुलाबी), पिवळी व काळी अशा चार शाया करतात. पांढरा रंग कागदाचाच. पहिल्या तीन शाया एकत्र आल्या तरी गढूळ तपकिरी रंग उमटतो, म्हणून काळी वेगळी लागते. छापील फोटो भिंगाखाली धरला की ठिपक्यांची फुले दिसतात. ठिपक्यांच्या ओळी सहसा सायन १५, काळा ४५, मॅजेंटा ७५ आणि पिवळा ० अंश अशा कोनांत ठेवतात. कोन चुकले तर चित्रावर नको ती जाळी उमटते. पिवळा डोळ्यांना सर्वांत कमी जाणवतो, म्हणून उरलेला कोन त्याला मिळतो. एखाद्या शाईची प्लेट जराशी सरकली, तरी चेहऱ्याला दुहेरी कडा येते.

काही रंग या चौघींच्या आवाक्याबाहेरचे आहेत. लग्नपत्रिकेवरच्या चकचकीत सोनेरी अक्षरांसाठी वेगळी शाई किंवा फॉइल लागते.