कोलॅटरल रक्तवाहिन्या, हृदयातील

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या हृद्‌रोहिण्यांच्या शाखा एकमेकींना जोडणाऱ्या बारीक वाहिन्या. एक रोहिणी अरुंद झाली किंवा बंद पडली, की शेजारणीचे रक्त या वाटेने पलीकडच्या स्नायूपर्यंत पोचते. मराठीत त्यांना जोडवाहिन्या म्हणता येईल. दवाखान्यात मात्र ‘कोलॅटरल’ हाच शब्द चालतो आणि रुग्णाला समजावताना ‘नैसर्गिक बायपास’.

विदर्भातल्या शेतकऱ्याला ही गोष्ट पांदणीवरून, म्हणजे शेतातल्या गाडीवाटेवरून, चटकन कळते. डांबरी रस्ता बंद झाला, की धुऱ्याधुऱ्याने (बांधाबांधाने) जाणारी वाट वापरात येते. आधी माणसे, मग बैलगाड्या, आणि वर्दळीनेच चाकोरी रुंद होते. हृदयातही असेच घडते. बऱ्याचशा जोडवाहिन्या जन्मापासून असतात, पण केसाएवढ्या. रोहिणी अडली की तिच्या पलीकडचा दाब घटतो आणि दाबातल्या फरकामुळे जोडवाहिनीतून रक्त जोरात धावू लागते. प्रवाह भिंतीला घासतो, अस्तरातल्या पेशी चेतवल्या जातात, रक्तातल्या मोनोसाइट पेशी तिथे जमतात आणि भिंत नव्याने, मोठ्या व्यासाची बांधली जाते. ऑक्सिजनच्या टंचाईने नव्या केशवाहिन्या फुटतात ती प्रक्रिया वेगळी. तिच्यातून एवढा प्रवाह उभा राहत नाही.

या रुंदीकरणाला आठवडे, कधी महिने लागतात. सगळी गोम तिथेच आहे. वर्षानुवर्षे हळूहळू अरुंद होत गेलेली रोहिणी पूर्ण बंद पडली, तरी तिच्या वाट्याचा स्नायू जिवंत राहू शकतो. पण फारशा न अडलेल्या रोहिणीतला चरबीचा थर अचानक फुटून गुठळी धरली, तर पांदण मळायला वेळच मिळत नाही. आधी कधी छाती न दुखलेल्या माणसाचा पहिलाच झटका जिवावर बेततो, त्याचे हे एक कारण.

सर्वांना ही देणगी सारखी नसते. बलूनने रोहिणी मिनिटभर बंद करून पलीकडचा दाब मोजतात. नेहमीच्या सुमारे पाव हिस्सा प्रवाह जोडवाहिन्यांतून येत असेल, तर ईसीजी सहसा बिघडत नाही. रोहिण्या निरोगी असलेल्या माणसांपैकीही साधारण पाचातल्या एकाकडे एवढी सोय आढळते. अँजिओग्राफीत पाहताना रेंट्रॉप यांची १९८५ ची ० (जोडवाहिनी दिसत नाही) ते ३ (पलीकडची रोहिणी पूर्ण भरते) अशी प्रतवारी वापरतात.

लंडनचे डॉक्टर रिचर्ड लोअर यांनी १६६९ मध्येच असे जोड नोंदवले होते. तरीही १८८१ मध्ये जर्मन विकृतिशास्त्रज्ञ कोनहाइम यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांवरून हृद्‌रोहिण्यांना जोडच नसतात असे ठरवले, आणि ते मत बराच काळ टिकले. छातीतल्या कळेचे वर्णन १७७२ मध्ये करणारे इंग्रज डॉक्टर हेबर्डन यांचा एक रुग्ण रोज अर्धा तास लाकूड कापून जवळजवळ बरा झाला होता. त्याचे श्रेय जोडवाहिन्यांना देण्याचा मोह होतो. पुरावा अर्थात नाही. १९५० च्या दशकात छातीच्या भिंतीतली एक रोहिणी बांधून रक्त हृदयाकडे वळवण्याची शस्त्रक्रिया गाजली. पुढे काही रुग्णांना नुसता छेद देऊन पाहिले, तर त्यांनाही तितकाच आराम पडला! ‘बायपासशिवाय ब्लॉकेज दूर’ अशा जाहिराती वाचताना हे आठवावे.

जोडवाहिन्या स्नायू जगवतात, पण कष्टाला पुरेसे रक्त देतीलच असे नाही. पांदणीवरून बैलगाडी जाते, कापसाचा ट्रक नाही. म्हणून एक रोहिणी शंभर टक्के बंद असलेला माणूस पारावर निवांत बसलेला असतो, त्याचा ईसीजीही साधा निघू शकतो, आणि डवऱ्यामागे (बैलांच्या कोळप्यामागे) चार तासे, म्हणजे पिकाच्या चार ओळी, चालला की छाती भरून येते. थांबला की उतरते. गावात याला ‘गॅस’ म्हणतात. तपासणाऱ्याने कळ कुठे येते यापेक्षा कोणते काम करताना येते, हे आधी विचारावे.

झटका आल्यावर चांगल्या जोडवाहिन्या स्नायू मरण्याचा वेग कमी करतात. गडचिरोलीतल्या भामरागडहून नागपूर तीनशेहून अधिक किलोमीटर. त्यात पर्लकोटा नदीला पूर आला की वाटच बंद. अशा ठिकाणी हा अवधी मोलाचा असतो. मात्र आपल्या छातीत पांदण आहे की नाही, हे कळ सुरू झाल्यावर कुणालाच ठाऊक नसते. ईसीजीत झटका पक्का झाला आणि अँजिओप्लास्टी वेळेत होण्यासारखी नसली, तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन पहिल्या बारा तासांत, जमेल तितक्या लवकर, जवळच्या रुग्णालयातच द्यावे लागते.