उकळलेलं दूध आणि उघडे हात

गाय सातव्या महिन्यात गाभडते, वार अडकते, आणि घरातलं कुणीतरी बाह्या सारून ती उघड्या हातांनी ओढून काढतं. ब्रुसेलोसिस या जनावरांकडून माणसाला होणाऱ्या तापाच्या आजाराला माणसात शिरायला याहून सोपी वाट नाही. ब्रुसेला हा जिवाणू गाभण जनावराच्या गर्भाशयात बेसुमार वाढतो. वार, गर्भजल, पडलेलं वासरू, सगळं त्याने भरलेलं असतं. हातावर एखादा ओरखडा असला तरी त्याचं काम होतं.

या आजाराचा माग लागला तो माल्टा बेटावर. तिथले ब्रिटिश सैनिक चढउतार करणाऱ्या तापाने आठवडेच्या आठवडे अंथरुणाला खिळत. १८८७ मध्ये डेव्हिड ब्रूस यांना मृत सैनिकांच्या प्लीहेत जिवाणू सापडला. पण तो येतो कुठून, हे कळायला १९०५ साल उजाडलं. माल्टाचेच डॉक्टर थेमिस्टोक्लिस झॅमिट यांनी शेळ्यांचं रक्त तपासलं आणि चोर सापडला. शेळ्या दिसायला ठणठणीत होत्या, म्हणून कुणाला संशयच आला नव्हता. गवळी त्यांना दारोदार नेऊन गिऱ्हाइकासमोर धार काढून देत. ताजं, निर्भेळ दूध! १९०६ मध्ये सैन्यात ते बंद झालं आणि छावणीतले रुग्ण झपाट्याने घटले. गावकरी पीत राहिले, आजारीही पडत राहिले.

आपल्याकडे दूध उतू जाईपर्यंत तापवतात, चिकाचा खरवससुद्धा वाफवूनच होतो. धारोष्ण दुधाचे भक्त सोडले, तर शहरातल्या पेल्याला फारसा धोका नाही. धोका आहे तो गोठ्यातल्या माणसाला, पशुवैद्याला आणि कत्तलखान्यातल्या कामगाराला.

ताप येतो-जातो, रात्री घामाने कपडे भिजतात, कंबर आणि सांधे धरतात. टायफॉईड, मलेरिया, टीबी असं काहीही वाटू शकतं. महिन्यापूर्वी गाय गाभडली होती हे रुग्ण सांगत नाही, आणि डॉक्टरही क्वचितच विचारतात. मला तर निम्मं निदान त्या एका प्रश्नात दिसतं. उपचार साधारण सहा आठवड्यांचे, दोन प्रतिजैविकं एकत्र. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडली, तर ताप परततो.

माणसासाठी सर्रास वापरता येईल अशी लस नाही. गाई-म्हशींच्या मादी वासरांना चार ते आठ महिन्यांच्या वयात एकदाच टोचतात. त्या लशीतला जिवाणू दुबळा केलेला असला तरी जिवंत असतो. वासरू उसळलं आणि सुई टोचणाऱ्याच्याच बोटात गेली, तर त्यालाही ब्रुसेलोसिस होऊ शकतो.